किराणा कुठून भरायचा हे ठरवण्याआधी घरात किती लागतो ते मोजा

ताई, तुम्ही लिहिलंय की घरात पाच माणसं आहेत: तुम्ही दोघं, सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. पुण्यात राहता, दोघंही नोकरी करता. महिन्याला किराणा ११,००० रुपये, भाजी-फळं ५,०००, दूध ४,००० आणि ॲपवरून मधूनमधून मागवलेलं ४,००० असे मिळून २४,००० जातात. तीन ठिकाणचे भाव ताडून बघता, तरी आकडा खाली येत नाही. म्हणून विचारलंय की डीमार्ट बरं, ॲप बरं की कोपऱ्यावरचा वाणी बरा? आणि सासूबाई म्हणतात तसे वर्षाचे गहू भरावेत का?

मी आणि माझ्या यजमानांनी सांगलीत २४ वर्षं किराणा दुकान चालवलं. गल्ल्यावर मी बसायचे, महिन्याच्या याद्यांप्रमाणे माल मीच काढून द्यायचे. तेव्हा गल्ल्याच्या आतल्या बाजूने जे दिसलं त्यावरून सांगते. आणि आधीच एक सांगून ठेवते: तुमच्या घरात कोण किती जेवतं, डबे किती जातात, पाहुणे किती येतात हे मला ठाऊक नाही, त्यामुळे माझे आकडे थोडे इकडेतिकडे होतील.

कुठून घ्यायचं हा प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न घरात किती लागतं हा, आणि तो तुमच्या पत्रात कुठेच आला नाही. भाव तुम्हाला रुपयापर्यंत पाठ आहेत. तेल महिन्याला किती लिटर संपतं, साखर किती, पोहे किती, हे नाही. दुकानदाराचं नेमकं उलटं असतं. भाव रोज बदलतो, तो आम्ही पाटीवर लिहून मोकळे व्हायचो. खप मात्र डोक्यात असायचा. कुठल्या मालाला उठाव आहे, कुठला फळीवर पडून आहे, हे कळलं नाही तर दुकान वर्षभरात बसतं. पडून असलेला माल म्हणजे अडकलेला पैसा. घराचंही तसंच असतं, फक्त घरात तो पैसा डब्यांच्या मागे दडलेला असतो.

एक अंदाज मांडून दाखवते. पाच माणसांच्या घरात रोज वीसेक पोळ्या होतात असं धरू. पोळीला साधारण २८ ग्रॅम पीठ, म्हणजे रोज ५६० ग्रॅम आणि महिन्याला सतरा किलोच्या आसपास गहू. तांदूळ सहा-सात किलो. डाळी आणि कडधान्यं मिळून पाच किलो. तेल तीन ते साडेतीन लिटर, साखर तीन किलो, शेंगदाणे दीड-दोन किलो, चहा पावडर अर्धा किलोच्या थोडी वर. पोहे, रवा, बेसन, साबुदाणा, गूळ, खोबरं, मसाले, किलोभर तूप, अंगाचे साबण, कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण हे सगळं धरलं तरी आजच्या भावात हा हिशेब सहा-साडेसहा हजारांच्या फारसा वर जाऊ नये. तुमचा ११,००० आहे. म्हणजे साडेचार हजार रुपये अशा वस्तूंचे, ज्या या यादीत बसत नाहीत. त्यात ॲपवरचे चार हजार मिळवा. साडेआठ हजार झाले.

आता दुसरी बाजू बघा. धान्य-तेल-डाळींचा पाच हजारांचा माल तुम्ही वणवण करून पाच टक्के स्वस्त आणलात तर २५० रुपये वाचतील. रिक्षाला शंभर गेले तर दीडशे. म्हणून म्हणते, तुम्ही ज्या बाजूला इतकी मेहनत घेताय तिथे वाचण्यासारखं फार नाही.

आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक होतं. दर महिन्याच्या पाच तारखेला यादी यायची आणि त्यात 'रवा २ किलो, पोहे २ किलो, साबुदाणा १ किलो' हे ठरलेलं. मागच्या महिन्याची यादी समोर ठेवून नवी उतरवायची सवय होती त्यांना. एकदा त्या वहिनी घर बदलत होत्या, तेव्हा रव्याचे चार न फोडलेले पुडे परत घ्याल का विचारायला आल्या. दोन पुड्यांना जाळी धरली होती. आम्हाला घेता आले नाहीत. माल विकणारे आम्हीच, तरी मला वाईट वाटलं, कारण त्या यादीचा माल दर महिन्याला मीच काढून देत होते. त्यानंतर मी ओळखीच्या बायकांना यादी हातात घेतानाच विचारायचे, 'घरात बघून लिहिलीय ना?' यजमान म्हणायचे, अशाने धंदा कसा होणार. पण ती गिऱ्हाइकं आमच्याकडेच टिकली.

तुमच्यासाठी पहिलं काम एवढंच. एक स्केच पेन स्वयंपाकघरात बांधून ठेवा. कुठलाही पुडा, पिशवी, बाटली फोडली की तिच्यावर तारीख घाला. वही नको, मोबाईल नको, नोकरी करून ते होत नाही आणि चार दिवसांत सुटतं. पुडा संपला की तारीख बघायची आणि फ्रिजवर लावलेल्या कागदावर एका ओळीत लिहायचं: तेल १ लिटर, ९ दिवस. दोन महिने हे केलंत की घराचा खप कळेल. तोपर्यंत दुकान बदलू नका, नाहीतर काय कशामुळे झालं ते कळणार नाही.

यात तेलाकडे जरा जास्त लक्ष द्या. पाच माणसांत लिटर सहा दिवसांत संपत असेल तर तळण फार होतंय. तिथे स्वस्त तेल शोधून उपयोग नाही. उलट सोळा-सतरा दिवस पुरत असेल तर तुमचं जेवण बाहेर जास्त होतंय. तो खर्च तुम्ही या २४,००० मध्ये धरलेलाच नाही, तोही एकदा बघून घ्या.

खप कळल्यावर मग दुकान. इथे दुकानदारीतली एक गोष्ट सांगते. साखर, तेल, तूरडाळ यांत दुकानदाराला फार थोडं सुटतं. गिऱ्हाईक नेमकं याच तीन-चार वस्तूंच्या भावावरून दुकान स्वस्त की महाग ते ठरवतं. म्हणून लहान असो की मोठं, प्रत्येक दुकान या वस्तू अगदी कमी नफ्यावर लावतं आणि सुका मेवा, सुटे मसाले, प्लास्टिकचे डबे, खाऊ, सुगंधी साबण यांत भरून काढतं. यात फसवणूक नाही, धंद्याची रीतच आहे. तुम्ही मात्र साखर चार रुपये स्वस्त म्हणून आत जाता आणि टोपलीत डब्यांचा सेट घेऊन बाहेर येता. मोठ्या दुकानात जायचं तर महिन्यातून एकदाच जा, यादी घेऊन जा आणि मुलांना आजीजवळ ठेवून जा.

माझी वाटणी अशी आहे. गहू, तांदूळ, डाळी, कडधान्यं ओळखीच्या वाण्याकडून किंवा मार्केट यार्डातल्या भुसार दुकानातून सुटी घ्यायची. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्य-डाळ-पिठावर ५ टक्के जीएसटी लागला, सुट्यावर नाही. त्याच नियमामुळे बाजारात २६ किलोच्या तांदळाच्या गोण्या आल्या. शिवाय सुटा माल हातात घेऊन बघता येतो. डाळ तळहातावर घासली की पॉलिश कळतं, तांदळाचा दाणा चावला की नवा-जुना कळतो. साबण, पावडर, चहा, बिस्किटं अशा कंपनीच्या मालावर मोठ्या दुकानात छापील किमतीपेक्षा कमी लावतात, तो तिथून घ्या. ॲपचं पुढे बोलते.

पाकिटावरचं वाचायची सवय लावा, पण सूट नका वाचू, एककाचा भाव वाचा. छापील किमतीजवळच बारीक अक्षरांत एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा भाव दिलेला असतो. तो देणं आता कायद्याने बंधनकारक आहे. '४० रुपये सूट' हे मोठ्या अक्षरांत असतं आणि खरा भाव मुंगीएवढा. मोठा पुडा नेहमी स्वस्त असतो हेही खरं नाही. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांची किंमत कंपन्या सहसा हलवत नाहीत, वजन कमी करतात. तरीही काही वस्तूंत, शाम्पूच्या पुड्यांत तर पुष्कळदा, लहान पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडते. आणि पुडीत मोजून वापरलं जातं, मुलं अर्धी बाटली ओतत नाहीत.

तेलाचं वेगळं सांगायला हवं, कारण दुकानात यावरूनच सगळ्यात जास्त वाद व्हायचे. लिटर आणि किलो एक नव्हे. खाद्यतेलाचं एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात, पण लिटरच्या डब्यात तेल सुमारे १३ किलो ६५० ग्रॅमच असतं, म्हणजे सव्वा किलोहून जास्त फरक. तेलाच्या पिशव्याही पूर्ण लिटरऐवजी कमी वजनाच्या येतात, भाव मात्र जवळपास तसाच दिसतो. तेल घेताना ग्रॅम बघायचे, बाकी काही नाही. आणि तुमच्या घराला १५ किलोचा डबा घेऊ नका. तीन-साडेतीन लिटर खपाला तो चार-पाच महिने उघडा राहील, तेल खवट होईल. शिवाय डबा भरलेला दिसला की हात सैल सुटतो, हे मी माझ्याच स्वयंपाकघरात पाहिलंय.

आता ॲप. चार हजार रुपयांच्या मागवलेल्या वस्तूंची यादी मोबाईलमध्येच असेल, आज रात्री ती काढा आणि दोघांनी मिळून बघा. माझा अंदाज असा की बहुतेक वेळा एखादी कोथिंबीर, दही किंवा ब्रेड हवा असतो. एवढ्यावर घरपोच आकार लागतो, तो टाळायला दोनशे-अडीचशेची टोपली भरावी लागते आणि मग वेफर्स, आइस्क्रीम, चॉकलेट आत जातं. वीस रुपये वाचवायला दोनशे जातात. ॲप वाईट नाही. रात्री लेकराला ताप आला आणि घरात साखर-मिठाचं पाणी करायला लिंबू नसलं तर ते उपयोगाचंच आहे. माझी एकच सूचना: हवं असलेलं त्या क्षणी न मागवता फ्रिजवरच्या त्याच कागदावर लिहा, आणि आठवड्यातून एकच दिवस ठरवून सगळं एकत्र मागवा. बऱ्याच ओळी आठवड्याअखेर तुम्ही स्वतःच खोडाल.

खाऊचा प्रश्न यालाच जोडून आहे. नोकरी करणाऱ्या बाईला 'सगळं घरी करा' म्हणून सांगणं मला पटत नाही. तुमचा रविवार लाडू वळण्यात घालवायला मी सांगणार नाही. पण दोनच वस्तू करा: पातळ पोह्यांचा चिवडा आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू. सासूबाईंचा हात असेल तर दोन्ही मिळून तासाभराचं काम आहे. चिवड्याच्या घरच्या किलोचा खर्च आणि पाकिटातल्या किलोचा भाव (पुन्हा तो बारीक अक्षरांतला!) एकदा समोरासमोर मांडून बघा. मुलांचं पाकीट पूर्ण बंद करू नका, ते टिकणार नाही. शनिवारचं एक पाकीट त्यांचं त्यांना निवडू द्या.

भाजीचे पाच हजार मला जास्त वाटत नाहीत, कारण त्यात फळंही आहेत. तिथे भाव पाडण्यापेक्षा फेकणं थांबवा. आठवड्यातून दोनदा आणा. एकदाच आणली की पालेभाजी सडते, रोज आणली की दरवेळी काहीतरी जास्तीचं येतं. पालेभाजी, कोथिंबीर पहिल्या दोन दिवसांत. गवार, वांगी, ढोबळी त्यानंतर. कोबी, दुधी, भोपळा शेवटी. पावसाळ्यात पालेभाजी आणि टोमॅटो कडाडतात तेव्हा त्यांच्यामागे धावू नका, कडधान्यं काढा. किलोभर मटकीला मोड आले की ती दुपटीहून जास्त भरते आणि पोटालाही आधार देते.

कांद्याचं मात्र हंगाम बघून करा. उन्हाळी कांदा मार्च ते मेमध्ये निघतो आणि तोच टिकतो. पावसाळी कांदा टिकत नाही. जुना साठा संपत येतो आणि नवा पुरेसा आलेला नसतो अशा वेळी, म्हणजे पुष्कळदा दसरा-दिवाळीच्या सुमारास, भाव चढतो. तुमच्या घरात हवेशीर, कोरडी गॅलरी असेल तर एप्रिल-मेमध्ये पंधरा-वीस किलो घेऊन ठेवा. मध्यम आकाराचा, मान बारीक सुकलेली, वरची साल वाजणारी असा कांदा निवडा. ढिगात ठेवू नका, पसरा, आणि दर आठवड्याला हात फिरवून नासका बाहेर काढा. बंद फ्लॅट असेल, हवा खेळत नसेल तर हा उद्योग करूच नका, निम्मा जाईल. लसूणही फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा येतो, तो सुकल्यावर दोन-तीन किलो गड्ड्या जाळीत टांगून ठेवता येतात.

दूध, अंडी, डाळी, शेंगदाणे आणि फळं यांना हात लावू नका. वाढती मुलं आहेत, आणि सासूबाईंच्या वयालाही हेच लागतं. दुकानात मी पाहिलंय, हात आखडला की बाया आधी डाळ पावशेराने कमी करतात आणि बिस्किटांचा पुडा तसाच ठेवतात, कारण मूल रडतं. डाळ मागायला कोणी रडत नाही. तुम्ही तसं करू नका. दुधाचे चार हजार पूर्ण वसूल करा: साईचं दूध घेत असाल तर साय साठवा, विरजा, लोणी काढा. तुमच्याकडे येणाऱ्या दुधात महिन्याला अर्धा-पाऊण किलो तूप घरचं निघेल, तेवढं विकतचं कमी आणा.

साबण-पावडरीत मापाचा खेळ आहे. पावडरीच्या डब्यात जुना चहाचा चमचा टाका आणि आधी घालत होतात त्याच्या पाऊणपट घालून बघा. कपडे तितकेच स्वच्छ निघाले तर तेच माप धरा. अंगाच्या साबणाचे वेष्टन आणल्याबरोबर काढून कपाटात ठेवा, सुकलेला साबण कमी झिजतो. फरशीला एक, ओट्याला एक, काचेला एक, बाथरूमला एक अशा चार बाटल्या असतील तर दोनांवर या.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. वर्षाचे गहू भरणं ही चांगली रीत आहे, पण ती ज्या घरांत निघाली त्या घरांना अंगण होतं, कडक ऊन होतं आणि धान्य निवडायला चार बायका होत्या. तुमचा खप वर्षाला दोन क्विंटल. एप्रिल आणि दिवाळीच्या भावात किलोमागे पाच-सहा रुपयांचा फरक धरला तरी वर्षाला हजार-बाराशे वाचतात, म्हणजे महिन्याला शंभर. एक कोठी सोंड्यांनी खाल्ली तर तेही गेले. मात्र आज तुम्ही तयार पीठ आणत असाल, तर गहू घेऊन गिरणीतून दळून आणण्यात फरक याहून मोठा आहे, आणि पोळीही मऊ होते. तेव्हा सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. त्यांना तसं सांगा.

पहिल्या वर्षी पन्नास किलो घ्या, लोकवन घ्या, एप्रिलमध्ये घ्या. गच्चीवर दोन दिवस कडक ऊन द्या. उन्हातून उचललेले गरम गहू लगेच डब्यात भरू नका, आत घाम धरतो आणि तिथूनच कीड सुरू होते. रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी कोरड्या पत्र्याच्या डब्यात कडुलिंबाचा सावलीत सुकवलेला पाला थरांत घालून भरा. तूरडाळीला एरंडेल चोळून ठेवा. बोरिक पावडर कोणी सुचवली तरी घालू नका. आणि धान्यात टाकायची कीडनाशक गोळी घरात आणूच नका. तिच्यातून विषारी वायू निघतो, बंद फ्लॅटमध्ये माणसं दगावतात. घरात लहान मूल आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते.

ते पन्नास किलो जुलैच्या सुरुवातीपर्यंत संपतात का आणि शेवटच्या डब्यात कीड निघते का, हे बघा. डबा स्वच्छ निघाला तर पुढच्या एप्रिलला एक क्विंटल घ्यायला हरकत नाही. सोंडे निघाले तर दर महिन्याला सतरा-अठरा किलो आणून दळा, आणि सासूबाईंना ते उघडलेले डबे स्वतः बघू द्या.